क्योतोतलं इटालियन काउंटर : आरक्षण, वेळ, पथ्य आणि बिल

रानजाई (धागाकर्ती)

क्योतोला जाणाऱ्यांचे इथे सतत प्रश्न असतात, पण ते बहुतेक सुशी आणि रामेनचे. या शहरातल्या इटालियन काउंटरबद्दल मराठीत एका जागी काही सापडत नाही, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आठ ते दहा खुर्च्या, एकच लांब लाकडी काउंटर, पलीकडे शेफ आणि एखादा मदतनीस. मेन्यूकार्ड नसतं, आठ ते बारा पदार्थांचा ठरलेला कोर्स असतो. रात्री एक, फार तर दोन बैठका. अनेक ठिकाणी सगळ्यांना एकाच वेळी सुरुवात करतात.

ही पद्धत इटलीतून आलेली नाही, ती क्योतोच्याच काप्पोची, म्हणजे गिऱ्हाइकासमोर रांधणाऱ्या जपानी जेवणघरांची आहे. गिओन भागातलं हामासाकु हे काप्पो १९२७ सालचं. स्वयंपाक्याने गिऱ्हाइकासमोर उभं राहून कापायचं, शिजवायचं आणि लगेच वाढायचं, ही रीत तिथे रुजली. पुढे इटालियन शिकून आलेल्या शेफनी तीच बैठक उचलली. सासाजिमा यासुहिरो यांनी २००२ मध्ये क्योतोच्या हिगाशियामा भागात 'इल गिओत्तोने' हे रेस्टॉरंट सुरू केलं, तेव्हापासून क्योतोच्या भाज्या, मासे आणि दाशी (जपानी स्वयंपाकातला पायाचा अर्क) यांच्यावर उभं असलेलं इटालियन जेवण ही या शहराची वेगळी ओळख झाली.

जायच्या आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. आठ जणांचा रिसोत्तो एकाच भांड्यात शिजतो आणि आठ जणांचा पास्ता एकाच वेळी पाण्यात पडतो. आरक्षणाचे, वेळेचे आणि पथ्याचे सगळे कडक नियम यातूनच आले आहेत. हे लक्षात आलं की ते नियम जाचक वाटत नाहीत.

---

हेमंत_नागपूरकर

आरक्षणाबद्दल सविस्तर लिहितो, कारण गाडी तिथेच अडते.

आधी जागा कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. काही काउंटर 'शोकाइ-सेइ' असतात, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाची ओळख असल्याशिवाय प्रवेश नाही. तिथे फोन, मेल, हॉटेलचा कन्सिएर्ज (पाहुण्यांची आरक्षणं करून देणारा कर्मचारी) यातलं काही चालत नाही. त्यांच्यामागे वेळ घालवू नका. बाकीच्या जागा ओमाकासे, टेबलचेक, पॉकेट कन्सिएर्ज, ताबेलॉग अशा संकेतस्थळांवर मिळतात. हॉटेलच्या कन्सिएर्जमार्फत जायचं असेल तर हॉटेलचं बुकिंग आधी झालेलं हवं आणि दोन-तीन पर्यायी तारखा द्यायला हव्यात.

जागा खुल्या होण्याची वेळ ठरलेली असते. नेहमीचा प्रकार म्हणजे महिन्याच्या १ तारखेला पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या महिन्याच्या जागा सुटणार. इथे घड्याळात घोळ होतो. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तिथले दुपारचे १२ म्हणजे भारतात सकाळचे साडेआठ. पण '१ तारखेला रात्री ०:००' असं लिहिलं असेल तर भारतात ती आदल्या दिवशीची, म्हणजे ३० किंवा ३१ तारखेची रात्री साडेआठची वेळ. दुबईकरांसाठी जपानचे दुपारचे १२ म्हणजे सकाळचे ७. न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे ११, हिवाळ्यात १०.

आदल्या दिवशी खातं उघडून नाव, फोन आणि कार्ड भरून ठेवा. नाव पासपोर्टप्रमाणे रोमन लिपीत. फोनच्या रकान्यात +९१ चालतो की नाही तेही आधीच तपासा, काही ठिकाणी फक्त जपानी नंबर घेतात.

कार्डाचं वेगळं लिहितो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन 'आंतरराष्ट्रीय' आणि 'ऑनलाइन' ही दोन्ही बटणं चालू करा आणि मर्यादा पुरेशी ठेवा. जागा हातात आल्यावर ओटीपी येईपर्यंतच्या वेळात ती सुटू शकते, त्यामुळे ओटीपीचा नंबर चालू असलेला फोन जवळच असू द्या. प्रवासात असाल आणि भारतीय सिम घरी राहिलं असेल तर व्यवहार तिथेच अडकतो.

---

मुक्ता_जोग

हेमंत, उत्तम. रद्द करण्याच्या नियमाबद्दलही लिहाल का? आणि तिघांचं बुकिंग का मिळत नाही?

---

हेमंत_नागपूरकर

रद्द करण्याचा नियम प्रत्येक जागेचा वेगळा, पण साधारण घडण अशी : तीन-चार दिवस आधी रद्द केलं तर निम्मी रक्कम जाते, आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी पूर्ण रक्कम. काही ठिकाणी आठवडाभर आधीच पूर्ण रक्कम धरतात. दिवस जपानच्या वेळेने मोजतात. माणसं कमी झाली तरी त्या खुर्चीचे पैसे लागतात. मासे आणि मांस माणशी मोजून आणलेले असतात आणि ती खुर्ची ऐनवेळी दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून हा नियम कडक आहे.

तिघांचं म्हणाल तर काउंटर जोड्यांनी भरतो. आठ खुर्च्यांत तिघे बसले की पाच उरतात आणि त्यातली एक बहुधा रिकामी जाते. दोघांना जागा सर्वांत सहज मिळते. एकट्याला ऐनवेळी उरलेली खुर्ची मिळण्याची शक्यता चांगली, प्रतीक्षायादीत नाव टाकून ठेवावं. चौघे असाल आणि काउंटर काटकोनात वळत असेल तर कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा मागा, नाहीतर एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाचं ऐकू येत नाही.

---

तळकोकणी

पथ्याचं मी लिहितो. आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि 'आम्ही शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही. जपानमध्ये दाशी, म्हणजे बहुधा कात्सुओबुशीचं (सुकवलेल्या बोनिटो माशाचं) पाणी, पुष्कळांच्या डोक्यात मासे या सदरात येतच नाही. इटालियन स्वयंपाकघरातही अँचोव्ही (खारवलेले छोटे मासे) आणि कोलातुरा (त्यांचा खारट रस) मिठाच्या जागी वापरतात. म्हणून काय चालत नाही ते नावानिशी लिहावं आणि काय चालतं तेही लिहावं. दुसरा भाग लोक विसरतात. 'कोंबूची दाशी चालेल' (कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ) एवढं सांगितलं तर शेफच्या हाती पर्याय येतो. क्योतोत रिशिरी कोंबू घरोघरी असतं.

आरक्षणाच्या टिपणीत टाकायचा मजकूर : 'निकु तो साकाना, काइरुइ वा ताबेरारेमासेन. कात्सुओ या निबोशी नो दाशी मो ताबेरारेमासेन. कोंबु दाशी, तामागो, न्यूसेइहिन वा ताबेरारेमासु.' मांस, मासे, शिंपले चालत नाहीत. कात्सुओ किंवा निबोशीची (सुक्या लहान माशांची) दाशीही नाही. कोंबूची दाशी, अंडी, दुधाचे पदार्थ चालतात. टिपणीत तो जपानी लिपीत टाका आणि उत्तर येईपर्यंत आरक्षण पक्कं धरू नका. अनेक काउंटर शाकाहारी पाहुण्यांना सरळ नाही म्हणतात. त्यात अपमान वाटून घ्यायचं कारण नाही. एकाच माणसासाठी दहा पदार्थांची वेगळी मांडणी दोन हातांच्या स्वयंपाकघरात खरोखरच बसत नाही.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी : 'ग्यूनिकु' (गोमांस) चालत नाही एवढं लिहिलं की वाग्यूचा, म्हणजे जपानी गोमांसाचा पदार्थ बदलतो, पण रागूतलं (पास्त्यावरच्या मांसाच्या सॉसमधलं) मिश्र खिम्याचं मांस आणि सॉसमधला वासराच्या हाडांचा रस राहून जातो. जपानमध्ये 'आइबिकी' म्हणून मिळणारा खिमा गाय आणि डुकराचा मिसळलेला असतो. म्हणून रागू आणि सॉस हे दोन्ही वेगळे विचारावे. डुकराचं वर्ज्य असेल तर पंचेत्ता, ग्वांचाले आणि लार्दो या डुकराच्या खारवलेल्या प्रकारांची नावं घालावीत. यातलं एखादं भाजीवरही पडलेलं असतं.

ताजा पास्ता बहुधा अंड्याचा. ताजारीन हा बारीक पास्ता तर बलकावरच बांधतात. अंडं नको असेल तर रव्याचा सुका पास्ता मागावा लागतो आणि तो कोर्समध्ये असेलच असं नाही.

अ‍ॅलर्जी आणि नावड वेगळ्या ओळीत लिहा. अ‍ॅलर्जी लिहिली की सुरी, फळी, भांडं सगळं वेगळं घ्यावं लागतं. नावड म्हणून वांगं टाळायचं असेल तर तसंच सांगा.

---

सई_बापट

तळकोकणी यांच्या प्रतिसादात चीजची भर. रेनेट म्हणजे दूध गोठवणारा, बहुधा जनावराच्या पोटातून काढलेला घटक. पार्मिजानो रेज्जानो नियमानेच वासराच्या रेनेटवर होतं, ग्राना पादानोही वासराच्याच. पेकोरिनोत बहुतेक कोकराचं. कडक शाकाहारी मंडळींनी 'दोउबुत्सुसेइ रेन्नेत्तो' (प्राणिजन्य रेनेट) नको असं लिहावं. रिकोत्ता चीजच्या निवळीपासून होतं, त्यामुळे तेही त्याच रांगेत. मास्कारपोने मात्र सायीत आम्ल घालून होतं, रेनेट लागत नाही. म्हणून तिरामिसूत अंडं आणि मद्य एवढंच विचारायचं उरतं. पन्ना कोत्ता (सायीचा गोड पदार्थ) जिलेटिनची, ती कांतेनवर (अगर-अगरवर) होऊ शकते, पण आधी कळवलं तरच.

जपानी डेअरींच्या चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट पुष्कळदा असतं. बुरशीपासून रेनेट काढण्याचं मोठं काम १९६० च्या दशकात जपानमध्येच आरिमा केइ यांनी केलं. शेफ स्थानिक चीज वापरत असेल तर विचारून बघायला हरकत नाही.

जैन पथ्य पाळणाऱ्यांसाठी या जागा नाहीत, कारण सोफ्रित्तोत, म्हणजे सुरुवातीच्या फोडणीतच कांदा असतो. शोजिन र्योरीत, म्हणजे बौद्ध मठांच्या शाकाहारी जेवणात कांदा-लसूण नसतो, पण मुळा, गोबो (बर्डॉकचं मूळ) अशा मुळांच्या भाज्या असतात. तिथेही विचारूनच जा.

---

अनिकेत_प

एक शंका. जुलैत थंड पास्ता का देतात? इटलीत असलं कुणी करत नाही म्हणतात.

---

भटारखाना

'रेइसेइ कापेल्लिनी', म्हणजे शेवईसारख्या बारीक पास्त्याचा थंड प्रकार, हा जपानमधल्या इटालियन स्वयंपाकाचा स्वतःचा पदार्थ. क्योतो चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं नसलं तरी तीन बाजूंनी आहे, हवा कोंडते, जुलै-ऑगस्टचा उकाडा मुंबईसारखाच चिकट. त्या दिवसांत कोर्सच्या सुरुवातीला हा पदार्थ नेमका बसतो. काउंटरवर बसून पाहण्यासारखं तंत्र यात आहे, म्हणून तपशिलात लिहितो.

कापेल्लिनी ०.९ मिलिमीटरची घेतात. कोर्समध्ये माणशी ३० ग्रॅम सुका पास्ता, आठ जणांना २४० ग्रॅम. एरवी पूर्ण ताटाला ८० ते १०० ग्रॅम लागतो, म्हणून वाटी बघून 'एवढंसंच?' असं वाटतं. पुढे आणखी नऊ पदार्थ यायचे असतात.

पाण्यात मीठ नेहमीच्या १ टक्क्याऐवजी दीड टक्का, म्हणजे ४ लिटरला ६० ग्रॅम. नंतर बर्फाच्या पाण्यात धुताना वरचं मीठ निघून जातं आणि थंड पदार्थात जिभेला मीठ कमी लागतं, अशी दोन्हीकडून भरपाई. पाकिटावर २ मिनिटं लिहिलं असेल तर अडीच ते तीन मिनिटं शिजवतात. थंड झाल्यावर पिष्ट घट्ट होतं. गरम असताना बरोबर दातांना लागणारी शेवई बर्फात गेली की तारेसारखी होते, म्हणून मुद्दाम थोडी जास्त मऊ करायची. बर्फाच्या पाण्यात अर्धा मिनिटच. मग कापडात घेऊन हलकं पिळायचं. इथे चूक झाली तर पदार्थ गेला : पाणी राहिलं की टोमॅटोचा रस पातळ होतो, तेल त्यात मिसळत नाही आणि वाटीच्या तळाशी गुलाबी पाणी साचतं.

टोमॅटो 'फ्रूट टोमॅटो' म्हणून विकले जाणारे, लहान आणि गोड. साल काढून, बियांचा रस गाळून त्याच रसात मीठ आणि ऑलिव्ह तेल बर्फावर ठेवलेल्या भांड्यात फेटतात. तेल फार थंड झालं तर घट्ट होऊन त्याच्या गुठळ्या दिसतात, म्हणून ते शेवटी. वाढल्यावर दोन मिनिटांत खावं. फोटोसाठी थांबलात तर शेवया एकमेकींना चिकटतात.

---

रानजाई

@भटारखाना, फार छान. ऋतूंचंही थोडं लिहा ना.

---

भटारखाना

एप्रिलमध्ये ताकेनोको, म्हणजे बांबूचे कोंब. क्योतोच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवरचे पांढरे कोंब उकडावेही लागत नाहीत इतके कोवळे असतात. मार्च ते मे तोयामाकडचे होतारुइका, म्हणजे काजव्यासारखे चमकणारे छोटे स्क्विड, पास्त्यात येतात.

जुलै हामोचा, म्हणजे वामसारख्या लांबट माशाचा. गिओन मात्सुरी या उत्सवाच्या दिवसांत क्योतोत हामो नसलेलं काउंटर विरळा. या माशात बारीक काटे इतके की ते काढता येत नाहीत. म्हणून कातडी अखंड ठेवून मांसाला एका सुनमध्ये, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटरमध्ये, २४-२५ काप देतात. जड सुरीचा तो 'शार्‌ शार्‌' आवाज काउंटरवर स्पष्ट ऐकू येतो. काप विरळ पडले तर काटा घशाला लागतो, खोल गेले तर कातडी तुटून तुकडा विस्कटतो. इटालियन काउंटरवर हामो बहुधा तळून किंवा निखाऱ्यावर भाजून येतो, सोबत कामो वांगं किंवा मानगांजी मिरची.

सप्टेंबर-ऑक्टोबर मात्सुताके, म्हणजे सुगंधी जपानी अळंबी. ऑक्टोबर ते डिसेंबर इटलीतल्या आल्बाचा पांढरा ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी), आणि तो कोर्सच्या किमतीत धरलेला नसतो, ग्रॅमवर वेगळा लागतो. शेफ किसणी हातात घेण्याआधी किती ग्रॅम आणि काय भाव ते विचारावं. तिथे विचारणं अजिबात वावगं नाही. हिवाळ्यात कुजो नेगी (क्योतोची कांद्याची हिरवी पात) आणि शोगोइन सलगम. थंडीत कुजो नेगीच्या आत गोडसर बुळबुळीत गर भरतो, रिसोत्तोत तो लोण्याचं निम्मं काम करतो.

माझं मत : पहिल्यांदा जाणाऱ्याने ट्रफलच्या मोसमात नव्हे, जुलैत किंवा एप्रिलात जावं. ट्रफल जगात कुठेही मिळतो.

---

क्षिप्रा

वेळ आणि पत्ता.

एकत्र सुरुवात असेल तर पंधरा मिनिटांचा उशीर म्हणजे पहिला पदार्थ गेला, कधीकधी जागाच गेली. रिसोत्तोला १६ ते १८ मिनिटं लागतात आणि शेफने मागे मोजत मोजत तांदूळ टाकलेला असतो. फार लवकर जाऊनही दारात उभं राहू नये, आत तयारी चालू असते. पाच मिनिटं आधी पुरे.

क्योतोचा पत्ता वाचायला शिकून घ्या. आधी दोन रस्त्यांचा चौक देतात आणि मग दिशा. 'आगारु' म्हणजे त्या चौकातून उत्तरेला, 'सागारु' दक्षिणेला, 'हिगाशि-इरु' पूर्वेला, 'निशि-इरु' पश्चिमेला. 'कारासुमा-दोरी शिजो सागारु' म्हणजे कारासुमा रस्त्यावर, शिजोच्या दक्षिणेला. शेवटचे वीस-तीस मीटर बहुधा अरुंद बोळातले. दारावर रोमन अक्षरं असतीलच असं नाही, म्हणून नावाची जपानी अक्षरं फोनमध्ये चित्र म्हणून ठेवा. संध्याकाळी बसवर भरवसा ठेवू नका, साकुरा (चेरीचा बहर) आणि मोमिजीच्या (शरदातली लाल पानं) दिवसांत हिगाशियामाकडचे रस्ते तुंबतात. कारासुमा आणि तोझाइ या दोन मेट्रो मार्गांनी जवळ जाऊन पुढे चालत जा.

अत्तर, परफ्यूम लावू नका. चार फुटांवर शेफ वासावरून शिजल्याचं ओळखत असतो. काउंटर हिनोकीचा (जपानी सायप्रसचा) असेल तर फोन, घड्याळ, बांगड्या त्यावर आपटू नयेत, ते लाकूड मऊ असतं आणि ओरखडे कायमचे राहतात. मोठ्या बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये. फोटो काढण्याआधी एकदा विचारा, फ्लॅश नको, शेजाऱ्याचा चेहरा नको.

---

मुक्ता_जोग

वाचनखूण साठवली. बिल किती धरावं, दोघांचं?

---

हेमंत_नागपूरकर

रात्रीचा कोर्स साधारण १५,००० ते ३०,००० येन. किमतीपुढे काय लिहिलंय ते वाचा. 'झेइ-सा-बेत्सु' म्हणजे कर आणि सेवाशुल्क वेगळं, 'झेइकोमी' म्हणजे कर धरून.

समजा कोर्स २२,००० येन आणि दोन्ही वेगळे. १० टक्के सेवाशुल्क धरून २४,२००, त्यावर १० टक्के कर म्हणजे २६,६२०. वाइन पेअरिंग, म्हणजे पदार्थांना जुळणाऱ्या वाइनचे ग्लास, १०,००० असेल तर त्याच हिशेबाने १२,१००. माणशी ३८,७२०, दोघांचे ७७,४४०. वर कार्डाचं विनिमय शुल्क. यंत्रावर 'रुपयात की येनमध्ये' असं विचारलं तर येन निवडा, रुपयाचा दर नेहमी महाग पडतो. टीप देत नाहीत, ठेवली तर मागे धावत येऊन परत करतात. काही जागा अजून फक्त रोख घेतात, ते आरक्षणाच्या पानावर लिहिलेलं असतं.

---

सई_बापट

पेअरिंगबद्दल : ग्लास ६० ते ९० मिलिलिटरचा, पण सहा-सात ग्लास झाले की जवळजवळ पाऊण बाटली होते. निम्म्या प्रमाणात देता का हे विचारा, पुष्कळ ठिकाणी देतात. दारू घेत नसाल तर बिनमद्याचं पेअरिंग आधी कळवून ठेवावं, ते चहा आणि फळांच्या अर्कांचं असतं आणि काही चहा आदल्या रात्रीपासून भिजवावे लागतात. नुसतं नळाचं पाणी मागून तीन तास बसणं तिथे चांगलं दिसत नाही, निदान पाण्याची बाटली घ्या. जपानमध्ये मद्यासाठी वयाची अट २० वर्षं.

---

अनिकेत_प

मुलांना नेता येतं का? मुलगी ९ वर्षांची आहे.

---

क्षिप्रा

बहुतेक काउंटरवर १२-१३ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, आणि जिथे आहे तिथेही मुलीला मोठ्यांचाच पूर्ण कोर्स घ्यावा लागतो. दुपारची बैठक असेल तर तिथे नियम थोडे सैल असतात, पदार्थ पाच-सहा आणि वेळ दीड ते दोन तास. आरक्षणाच्या टिपणीत वय लिहून विचारा. संपूर्ण काउंटर एकत्र घेणार असाल, म्हणजे 'काशिकिरी', तर वयाची अट सहसा शिथिल करतात, पण त्यासाठी सहा ते आठ जण लागतात आणि तारीख दोन-तीन महिने आधी ठरवावी लागते.